रूम टोन

भोसरीत, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला,
बंद पडलेल्या प्रेस शॉपची शेड आम्ही
दोन रात्रींसाठी घेतली. अकरा हजार, पावती नाही.
सिनेमाचं एकूण बजेट म्हणजे
निहाल गुगळेच्या आईची मोडलेली एफडी.

सीन अठ्ठावीस. रेव्ह. पहाटेचे तीन.
पोरं खरीच बोलावली होती,
ज्यांना ठिकाण रात्री अकराला मोबाईलवर कळतं :
पिरंगुटच्या पुढे, दगडखाणीच्या मागे,
पत्ता म्हणजे नकाशावर नुसतं एक टिंब.
तन्झिला हिंजवडीहून थेट आली, गळ्यात कंपनीचं कार्ड.
कोंढव्यात, तिच्या घरी,
तिला शनिवारीही नाईट शिफ्ट असते.

मी साउंड. म्हणजे रंगाचा बेरंग करणारी बाई.
संवाद हवेत तर गाणं बंद, हा नियम.
अर्धं मिनिट ठोका वाजवायचा,
अंगात उतरला की कापायचा,
आणि मग चाळीस जणांनी
नसलेल्या तालावर नाचायचं
छप्पर उडाल्यासारखं.

हेडफोनमधून आलं ते असं :
बुटांची रबरं. खिशातल्या किल्ल्या.
पाठीला चिकटलेला टीशर्ट सुटतानाचा बारीक चर्र.
एकाचा गुडघा, वय तेवीस, कट् कट्.
दात. हो, दातांचासुद्धा येतो.
आणि पटकथेत गोंगाट आहे म्हणून
नायक जिवाच्या आकांताने ओरडला,
"उद्यापासून मी येणार नाही!"
ते त्या शांततेत एवढं मोठं झालं
की नायिका खरोखरच दोन पावलं मागे सरली.
तोच टेक ओके.

वॉचमन भालचिम दारात उभे होते.
आंबेगावकडचे. चोवीस वर्षं याच शेडमध्ये,
डावा कान मशीनपाशीच ठेवून आलेले.
"गाणं मलाच ऐकू येईना, का लागलंच नाही?"
लागलंच नाही, काका.
"मग बरंय."
मग चपलेनं धूळ सारत त्यांनी
फरशीतले चार बोल्ट शोधून काढले.
"इथं होती. दोनशे टनी."

किती ठोके पडायचे, निहालनं विचारलं.
त्याला आता सगळंच सिनेमात हवं होतं.
"मिनिटाला बावीस. जेवणानंतर अठरा.
कुणाचं बोट गेलं की तेवढा वेळ बंद."
आणि रिकाम्या ऑइलच्या पिंपावर
त्यांनी तळहात आपटून दाखवला.
धप्.
पोरं त्यावर नाचायला गेली. जमेना.
दोन धपांच्या मधे एवढी जागा,
तिचं करायचं काय?
तन्झिला एक टाच उचलून
तशीच उभी राहिली, पुढचा पडेपर्यंत.

साडेचारला दोन पोलीस.
"इथं रेव्ह पार्टी चाललीय असा फोन आलाय."
चाळीस घामट माणसं, लाल लाईट, आवाज शून्य.
त्यातला धाकटा बराच वेळ बघत राहिला,
मग हळूच मला,
"हे असंच असतं का?"

निघण्याआधी रूम टोन घ्यावा लागतो.
एक मिनिट कुणी हलायचं नाही.
रिकाम्या खोलीचा आवाज,
पुढे वाक्यांच्या फटींत तोच लिंपतात.
खोली रिकामी नव्हती,
पण सगळे उभे राहिले, जिथल्या तिथं,
पोलीससुद्धा, टोपी काढून,
कशासाठी ते न विचारता.

सिनेमा झाला. एरंडवण्यातल्या एका हॉलमध्ये
एकोणतीस जणांनी बघितला, पैकी सात गुगळे.
नाचावर दुसऱ्याच कुणाचं संगीत चढवलंय.
चांगलं आहे.
त्याच्या खाली, फार खाली, ते मिनिट आहे.
एकेचाळिसाव्या सेकंदाला भालचिम खोकतात.

निहाल म्हणाला, काढ तो.
त्याच्या देखत मी फेडर खाली ओढला.
मग तो चहा सांगायला गेला.